खाशाबांची टीम

इंटर-कॉलेज, मग झोनल, मग इंटर-युनिव्हर्सिटी, मग नॅशनल. खेळणाऱ्या पोरापोरींना ही शिडी तोंडपाठ असते. टीमची यादी नोटीस बोर्डावर लागायच्या आदल्या रात्री झोप येत नाही, हेही त्यांना ठाऊक असतं. मी स्वतः कधी कुठल्या टीममध्ये नव्हते, ग्राउंडच्या कडेला बसून स्कोअर लिहायचे. पण यादी वाचून काहीच न बोलता मागे फिरलेली तोंडं भरपूर पाहिलीत. त्यातली काही पुन्हा ग्राउंडवर दिसलीच नाहीत.

आज ज्यांच्याबद्दल लिहितेय, त्यांचं नाव असं एकदा नाही, दोनदा गळलं होतं. पहिल्यांदा कॉलेजात आणि दुसऱ्यांदा थेट नॅशनलला. तरीही स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यांनीच मिळवून दिलं. खाशाबा दादासाहेब जाधव. नाव सगळ्यांना माहीत आहे. हेलसिंकी, १९५२, ब्राँझ, हे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातलं एका ओळीचं उत्तरही पाठ आहे. पण त्या एका ओळीत त्यांची टीम कुठेच येत नाही आणि मला तर खरी गोष्ट तिचीच वाटते.

आता कुस्तीत कसली आली टीम, असं कुणीही विचारेल. आखाड्यात दोघंच असतात. पण नॅशनल चॅम्पियनशिपला पैलवान एकटा जात नाही. राज्याराज्यांचे संघ येतात, प्रत्येक वजन गटात प्रत्येक राज्याचा पैलवान उतरतो, त्यांच्यातून देशाचा संघ निवडतात आणि मग तो संघ परदेशी जातो. ही झाली कागदावरची टीम. तिच्यात नाव लागणं म्हणजे काय असतं आणि नाव लागल्यावरही माणूस किती एकटा पडू शकतो, हे खाशाबांच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतं.

सुरुवात गोळेश्वरपासून करू. कराडला लागूनच असलेलं हे गाव. १५ जानेवारी १९२६ ला खाशाबांचा जन्म इथे झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत हे शेंडेफळ. वयाच्या पाचव्या वर्षीच वडिलांनी त्यांना कुस्तीचे धडे द्यायला सुरुवात केली. शाळा कराडचं टिळक हायस्कूल. सातारा जिल्ह्यात ते दिवस चले जाव चळवळीचे होते. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, पत्रकं पोचवणं अशा कामांत शाळकरी खाशाबांचाही हात होता, असं सांगतात. अंगकाठी मात्र लहान. उंची बेताची, वजन त्याहून बेताचं. पुढे जगानं त्यांना पॉकेट डायनॅमो म्हटलं, पण गावाकडच्या जत्रेत छोट्या चणीचं असं कौतुक नसतं. तिथे पैलवान म्हणजे दरवाजातून आडवा होऊन शिरणारा गडी.

मॅट्रिकनंतर ते कोल्हापूरला आले. कोल्हापूर आणि कुस्ती यांचं नातं या पानाच्या वाचकांना मी काय सांगणार! राजर्षी शाहू महाराजांनी गावोगावच्या मल्लांना आश्रय दिला, पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान झालं. राजाराम कॉलेज तेव्हा भवानी मंडपालगत होतं. म्हणजे वर्गातून सुटलं की चालत चालत खासबागेत. कुस्ती करणाऱ्या पोराला याहून चांगलं कॉलेज कुठलं मिळणार?

आणि तिथेच पहिला नकार मिळाला. कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत खाशाबा कुस्तीला नाव द्यायला गेले, तर त्यांची चण बघून त्यांना घ्यायला नकार मिळाला, असं सांगतात. समोरच्या गड्यांपुढे हे पोर टिकणार नाही, अशी काळजीही त्यात असेल. आपल्यापैकी बहुतेकांनी अशा वेळी कँटीनमध्ये बसून शिव्या घातल्या असत्या. खाशाबा गेले थेट प्राचार्यांकडे. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली आणि या लहानशा पोरानं आपल्याहून थोराड गडी पाडून दाखवले. त्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनचं दार उघडलं नसतं तर पुढचं काय झालं असतं, याचा विचार मी टाळते. पण खर्डेकर हे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

कॉलेजात क्रीडा विभागात गोविंद पुरंदरे होते. तालमीत बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी. खाशाबांची भिस्त ताकदीपेक्षा चपळाईवर होती. पाय हलके, हात झटपट. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याची मान काखेत आवळायची आणि त्याला काही कळायच्या आत कमरेवरून फिरवून जमिनीवर आपटायचा. डाव बघायला सोपा वाटतो. पण तो मारताना क्षणभर स्वतःचाही तोल सोडावा लागतो. वेळ चुकली तर आपणच खाली.

१९४८ ला लंडनला ऑलिम्पिक होतं. महायुद्धामुळे मधली दोन ऑलिम्पिक झालीच नव्हती आणि भारत स्वतंत्र देश म्हणून पहिल्यांदाच जाणार होता. खाशाबांची निवड झाली. त्या वेळी कोल्हापूर संस्थान अजून विलीन झालं नव्हतं, ते १ मार्च १९४९ ला झालं. त्यामुळे लंडनच्या खर्चाचा मोठा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. हे वाक्य वाचायला साधं आहे, पण पुढे चार वर्षांनी पैशांचं काय झालं ते समजण्यासाठी महत्त्वाचं आहे. १९४८ ला दार ठोठवायला एक राजवाडा होता. १९५२ ला तो नव्हता.

लंडनला त्यांच्यापुढचा खरा प्रश्न प्रतिस्पर्ध्यांचा नव्हता, पायाखालच्या मॅटचा होता. आपल्याकडची कुस्ती तांबड्या मातीतली. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ती माती अंगाला चिकटते, पाय धरून ठेवते. मातीत वजन गट नसतात, घड्याळ नसतं आणि मुख्य म्हणजे पॉइंट नसतात. पाठ टेकली की हरलास, नाही टेकली तर कुणी तुला हरलेला म्हणू शकत नाही. मॅटवर सगळं उलटं. पाय सरकतो, वेळ मोजली जाते आणि पाठ न टेकताही पंचांच्या कौलावर तुम्ही हरू शकता. खाशाबांना या नियमांचा सराव नव्हता. लंडनमध्ये रीस गार्डनर या प्रशिक्षकांनी त्यांना तयार केलं. ५२ किलोच्या फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच पाडलं, मग अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवलं. शेवटी सहावा नंबर आला. मातीतून उठून गेलेल्या बावीस वर्षांच्या पोरानं जगात सहावा नंबर काढला. (बावीस म्हणजे माझंच वय. हे टाइप करताना मी खुर्चीत जरा सावरून बसले.)

परत आल्यावर पुढची चार वर्षं त्यांनी मॅटच्या कुस्तीला दिली. वजन वाढवून ५२ किलोवरून ५७ किलोच्या बँटमवेट गटात आले. हा निर्णय धाडसाचा होता, कारण गट बदलला की सगळे प्रतिस्पर्धी नवे.

मग आलं १९५२. मद्रासला नॅशनल चॅम्पियनशिप होती आणि हेलसिंकीचा संघ ठरताना तिथल्या निकालाला वजन होतं. देशभरातले संघ आले होते. आपला हा सगळा भाग विलीनीकरणानंतर मुंबई राज्यात होता. खाशाबा उतरले आणि एका पॉइंटनं मागे पडले. त्यांचं म्हणणं होतं की हा पॉइंट कुस्तीत गेला नाही, कागदावर गेला. पंचांनी मुद्दाम एक गुण कमी दिला आणि निवडीत वशिलेबाजी झाली. आज सत्तरहून जास्त वर्षांनी त्या बाउटचा व्हिडिओ काढून रिप्ले बघता येत नाही. तेव्हा मी पंचाची भूमिका घेत नाही. पण मातीत वाढलेल्या पैलवानाला एका पॉइंटनं हरणं ही काय चीज वाटली असेल, ते कल्पना करून बघा. गोळेश्वरच्या जत्रेत ही गोष्ट अस्तित्वातच नव्हती. पाठ कोरडी असताना पराभव!

नॅशनलला निवडीवरून भांडणं आजही होतात. कोण कुणाचा माणूस, कुठल्या असोसिएशनचं पारडं जड, कुणाचं नाव आधीच ठरलेलं होतं, या चर्चा खेळाडूंच्या हॉस्टेलवर रात्री उशिरापर्यंत चालतात आणि सकाळी विरून जातात. खाशाबांनी ती चर्चा विरू दिली नाही. त्यांनी दाद मागितली पटियालाच्या महाराजांकडे. महाराजा यादवेंद्रसिंग तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. स्वतः क्रिकेट खेळलेले, खेळाची जाण असलेले. दार बरोबर निवडलं होतं. आणि मागणी काय, तर गुण वाढवून द्या अशी नाही. पुन्हा लढत लावा, एवढीच. महाराजांनी त्यांना चाचणी लढतीत उतरण्याची संधी दिली. या वेळी खाशाबांनी प्रश्न पंचांपर्यंत जाऊच दिला नाही. प्रतिस्पर्ध्याला त्यांनी सरळ चितपट केलं. एका पॉइंटवर त्यांनी शोधलेलं हे उत्तर मला फार आवडतं. पेन्सिल उचलायला जागाच ठेवायची नाही.

अशा रीतीनं हेलसिंकीच्या यादीत खाशाबांचं नाव लागलं. त्याच संघात कोल्हापूरचेच केशव माणगावे होते. यादीत नाव लागलं की ब्लेझर शिवायचा, पासपोर्ट काढायचा आणि निघायचं, असं आपल्याला वाटतं. पण १९५२ मध्ये यादीत नाव लागणं म्हणजे फक्त परवानगी होती. फिनलंडपर्यंत जायचं, राहायचं, खायचं, हे पैसे खेळाडूनं आपले आपण उभे करायचे.

मुंबई राज्य सरकारकडे मदत मागितली, ती वेळेवर मिळाली नाही. स्पर्धा झाल्यावर बघू, अशा अर्थाचं उत्तर मिळालं असं सांगितलं जातं. स्पर्धेला जायचे पैसे स्पर्धा झाल्यावर मिळून काय करायचे, हा प्रश्न त्या वेळीही कुणीतरी विचारला असेलच. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली. घरोघर फिरून, ज्याला जे जमेल ते. आज आपण क्राउडफंडिंगची लिंक फॉरवर्ड करतो, ५१ रुपये टाकतो आणि स्टेटसला ठेवतो. त्या गावात बहुतेकांना हेलसिंकी कुठल्या दिशेला आहे हेही माहीत नसणार. त्यांना गावातलं पोर माहीत होतं.

तरी रक्कम पुरेना. इथे प्राचार्य खर्डेकर परत येतात. त्यांनी कोल्हापुरातलं आपलं राहतं घर मराठा बँकेकडे गहाण टाकलं आणि ७००० रुपये काढून खाशाबांच्या हातात ठेवले.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. ७००० रुपये म्हणजे आज महिन्याभराचं मेसचं आणि कॉट-बेसिसचं भाडं. १९५२ ला ती घर गहाण टाकण्याएवढी रक्कम होती. आणि हे करणारा माणूस वडील नाही, काका नाही, नातेवाईक नाही. ज्या कॉलेजात मुलगा शिकला त्या कॉलेजचा प्राचार्य. पदक येईल याची कुठलीही हमी नव्हती. स्वतंत्र भारताच्या एकाही खेळाडूनं तोवर वैयक्तिक पदक जिंकलेलं नव्हतं. पोरगं हरून परत आलं असतं तर बँकेनं हप्ता माफ केला नसता.

जुलै १९५२. हेलसिंकी. उन्हाळ्यात तिथे रात्रीसुद्धा धड अंधार पडत नाही. अशा मुलखात कराडचा हा गडी मॅटवर उतरला. कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला हरवलं. मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला हरवलं. जर्मनीच्या फर्डिनंड श्मिट्झलाही हरवलं. बघता बघता खाशाबा शेवटच्या मोजक्या मल्लांत पोचले.

तेव्हा आजच्यासारखी सरळ नॉकआउट पद्धत नव्हती. हरलं की लगेच बाहेर, असं नसायचं. प्रत्येक लढतीच्या निकालावरून पैलवानाच्या नावावर दोषांक जमा व्हायचे आणि ठरावीक आकडा गाठला की तो बाद. म्हणजे एक लढत गेली तरी पुढची शिल्लक असू शकायची. हे लक्षात घेतलं की पुढचा प्रसंग नीट कळतो.

त्यांची गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. हा इशी मूळचा ज्युदोवाला. महायुद्धानंतर अमेरिकनांच्या ताब्यातल्या जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली म्हणून कुस्तीकडे वळलेला. म्हणजे ज्याचा स्वतःचा खेळच काढून घेतला होता, असा गडी. लढत पूर्ण वेळ, पंधरा मिनिटं चालली. आजच्या कुस्तीत तीन तीन मिनिटांचे दोन राउंड असतात, त्यावरून अंदाज घ्या. खाशाबा गुणांवर हरले. इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. महायुद्धानंतरचं जपानचं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण.

घामानं निथळत, धापा टाकत खाशाबा मॅटवरून उतरतायत, तोच त्यांना पुन्हा बोलावलं गेलं. पुढची लढत, लगेच. समोर सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव्ह. नियमाप्रमाणे दोन लढतींमध्ये किमान तीस मिनिटांची विश्रांती मिळायला हवी होती. पण हे नियमपुस्तक दाखवून आयोजकांशी भांडायला तिथे कुणीतरी हवं ना! भारतीय पथकातला एकही अधिकारी त्या वेळी मॅटजवळ नव्हता. खाशाबांना मराठी येत होतं, कुस्ती येत होती. पण मॅटच्या मधोमध उभं राहून परक्या मुलखात एकट्यानं नियमावर वाद घालायचा कसा? ते तसेच उभे राहिले. दमलेल्या अंगानं लढले आणि हरले. मम्मदबेयोव्हला रौप्य मिळालं, खाशाबांना ब्राँझ.

तीस मिनिटं. भवानी मंडपात उभं राहून एक चहा, एक वडापाव आणि थोड्या गप्पा, एवढा हा वेळ. तो मिळाला असता तर पदकाचा रंग बदलला असता का, याला उत्तर नाही. सोव्हिएत गडी काही कच्चा नव्हता. पण मला त्या जिंकण्या-हरण्यापेक्षा मॅटच्या कडेची ती रिकामी जागा जास्त खुपते. नॅशनलला संघ, देशाचा संघ, पथक, पथकाबरोबर अधिकारी, सगळं कागदावर होतं. आणि ज्या अर्ध्या तासात टीमची गरज होती, त्या अर्ध्या तासात कुणी नव्हतं. ज्यांनी घर गहाण टाकलं होतं ते कोल्हापुरात होते, ज्यांनी वर्गणी दिली ते गोळेश्वरात.

तारीख होती २३ जुलै १९५२. दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघानं नेदरलँड्सला ६-१ नं हरवून सुवर्ण जिंकलं, त्यात बलबीरसिंग यांचे पाच गोल. हॉकीचा तो सुवर्णकाळ होता, जल्लोष तिकडेच होणार. केशव माणगावे फेदरवेटमध्ये चौथे आले, पदकापासून फक्त एक पायरी खाली. त्यांचं नाव आज कोल्हापुरातही किती जणांना आठवतं, ते आपापल्या ग्रुपवर विचारून बघा.

दिल्ली-मुंबईनं काय केलं माहीत नाही, कराडनं मात्र कमाल केली. कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी काही मिनिटांत कापायचा रस्ता, त्याला त्या दिवशी कित्येक तास लागले. ढोल, लेझीम, गुलाल आणि मधे तो लहान चणीचा पैलवान. वर्गणी देणाऱ्यांना आपली वर्गणी कुठे गेली हे त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

यानंतरची वर्षं मी भराभर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आणि चिडण्यासारखं जास्त आहे. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. पोलीस स्पर्धा जिंकल्या, क्रीडा प्रशिक्षकाचं काम केलं. मेलबर्नच्या १९५६ च्या ऑलिम्पिकला ते जाऊ शकले नाहीत. सत्तावीस वर्षं नोकरी करून असिस्टंट पोलीस कमिशनर म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावं लागलं. कुस्तीच्या संघटनांनी त्यांचा अनुभव वापरून घेतला असता तर किती पोरं तयार झाली असती, हा हिशोब कुणी मांडला नाही. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत मशाल धावणाऱ्यांत त्यांना मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय ५८.

मग सुरू झाली आठवण. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर. अर्जुन पुरस्कार २००१ मध्ये, तोही मरणोत्तर. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. १५ जानेवारी २०२३ ला गुगलनं त्यांचं डूडल केलं आणि त्या दिवशी वर्गातल्या निम्म्या पोरांनी त्यांचं नाव पहिल्यांदा सर्च केलं. नागराज मंजुळे यांनी खाशाबा याच नावाचा सिनेमा करायला घेतला. पद्म पुरस्कारासाठी कुटुंबीय आणि कुस्तीप्रेमी कित्येक वर्षं मागणी करतायत.

त्या पदकाचं वजन कळायला दोन आकडे पुरेत. भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं. अटलांटाला टेनिसमध्ये लिअँडर पेस, म्हणजे तब्बल ४४ वर्षांनी. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ जिंकलं. तो आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्या दुपारी आमच्या ऑफिसात सगळ्यांनी काम बाजूला ठेवून टीव्ही लावला होता. पदक नक्की झाल्यावर डेस्कवरच्या एका सीनिअर काकांनी सगळ्यात आधी नाव घेतलं ते खाशाबांचं.

एक गोष्ट सांगायची राहिली. खर्डेकर सरांच्या घराचं काय झालं?

मिरवणूक संपली, गुलाल धुतला गेला, पण घराचे कागद अजून बँकेतच होते. पदकाबरोबर कसली बक्षिसाची रक्कम आलेली नव्हती. आजच्यासारखी कोटींची घोषणा नाही, प्लॉट नाही, गाडी नाही. खाशाबांनी मग त्यांना येत होतं तेच केलं. कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं. स्वतःच भरवलं आणि स्वतःच त्यात उतरले. ऑलिम्पिकचं पदक गळ्यात घालून आलेला गडी पुन्हा तांबड्या मातीत उतरला. तिथे ना दोषांक, ना पेन्सिल, ना अर्ध्या तासाचा वाद. लोकांनी तिकिटं काढून गर्दी केली. खाशाबांनी कुस्त्या मारल्या. त्यातून जमलेले पैसे त्यांनी प्राचार्यांच्या हातात नेऊन दिले आणि घर सोडवलं.